निवड

बाबालाल वस्ताद ढाबळीत शिरताना
चपला बाहेर काढायचे.
घोरपडे पेठेतल्या त्या पत्र्यावर
मागे मी, बाजरीचा डबा धरून.

"मारायचं त्याला नाव ठेवू नये," म्हणायचे,
आणि एकेकाला नावं ठेवत जायचे:
याची छाती वाकडी, याचं पीस मऊ,
हा गिरेबाज कसला, पाच तासांत उतरतो.
मग अंगठा मानेखाली.
आवाज म्हणाल तर
शेंग फोडल्याएवढा.

घरी आई ताटात ज्वारी निवडायची.
खडा बाजूला पडायचा.
खडा गरम नसतो.

आता ढाबळ माझी.
दिवाळीनंतर एक राखी मादी, पंखाने आखूड,
मी मारली नाही.
सासवडच्या मेव्हण्याला दिली.
मधे दिवेघाट आहे, म्हटलं, सुटलो.

अकराव्या दिवशी ती छत्रीवर.
पंजात कुणाच्या तरी पतंगाचा मांजा,
आणि चोच बुडवून एका दमात पाणी पीत होती,
मंडईत जाऊन आल्यासारखी.

ही वाण बिघडवणार, तेही खरंच.
वस्तादांचा हिशेब चुकायचा नाही:
वीस खण, चाळीस पोटं, बाजरीचा भाव.

मांजा सोडवला. बोट कापलं.
तिची मान दोन बोटांत आपसूक आली,
सवयीनं.
तिचं काळीज हाताला लागत होतं.

खालून पोरगी ओरडली,
"बाबा, आली ना ती? नाव काय ठेवायचं?"
म्हटलं, आधी चिंधी आण. रक्त येतंय.
"कुणाला?"
सांगितलं नाही.