शिशाचा भाव

भांडण म्हणे एका किल्लीवरून लागलं.
बेथलेहेमच्या देवळाचा दरवाजा,
दोन तऱ्हेचे पाद्री,
आणि आधी आत शिरायचा मान कुणाचा.
हे मला फार पुढे क्युस्तेंजेच्या धक्क्यावर
एका खलाशानं सांगितलं, सूर्यफुलाच्या बिया सोलत.
मला हसू आलं.
क्रिमियातल्या आमच्या घराला कुलूपच नव्हतं.
आतून एक लाकडी खीळ,
तीही शेळी बाहेर जाऊ नये म्हणून.

खलाशी म्हणाला, किल्ली हे निमित्त.
खरं दुखणं सामुद्रधुनीचं,
गव्हाची जहाजं कोण सोडणार, कोण अडवणार,
म्हाताऱ्याचा जीव जायच्या आत
उशाशी बसून ताटवाट्या मोजणारे नातेवाईक.
असेल.
आम्ही त्या दिवशी कांदे उपटत होतो.

आमच्या समुद्राचं नाव आधीपासूनच काळा.
त्या सकाळी ते खरं झालं.
बिनशिडांची जहाजं, पोटात विस्तव,
आणि असान, माझा भाऊ,
बोटांवर मोजत होता, बोटं पुरेनात तरी मोजत होता.
तेव्हा त्याला दहाही होती.

हिवाळ्यात घोडे चिखलात उभ्या उभ्या मेले.
मग परक्यांनी रूळ आणले, बंदरापासून टेकडीपर्यंत,
सात आठवड्यांत,
आणि बाबा, वेलिशा, ओंडके वाहू लागले.
दिवसाला एक नाणं, नाण्यावर बाईचं डोकं.
आईनं ते चावून पाहिलं.
बाई खरी निघाली.

रुळांवरून वर जायचे तोफगोळे,
खाली यायची माणसं.
येताना गाडीला कुणी ओढावं लागत नसे, उतारच होता.

समुद्राच्या तळातून त्यांनी तार नेली.
काल इथं कोण मेलं
हे लंडनला आज कळू लागलं.
माझी मावशी टेकडीपलीकडे गेली, पटकीनं.
आम्हाला कळायला अकरा दिवस लागले.

तह झाला.
कुठं, कोणत्या मेजावर, ते ठाऊक नाही.
जहाजं गेली, रूळसुद्धा उपटून नेले.
पहिल्या नांगराला ढेकूळ लागलं नाही,
शिसं लागलं.
द्राक्षांच्या मुळांत, विहिरीच्या काठाला,
टोकदार, बुडाशी पोकळ,
बोटाच्या पेरात टोपीसारखं बसणारं.
मी ओच्यात भरून न्यायची पनायोत सावकाराकडे.
कुणाचं गं हे, तो विचारी, रशियाचं की फ्रान्सचं?
आणि स्वतःच हसून ताजव्यात ओती.
असानची तीन बोटं एका न फुटलेल्या गोळ्यानं नेली.
ती त्या भावात धरली नाहीत.

मग एक कारकून आला वही घेऊन.
वेलिशा. रुळांचं काम. एकोणतीस दिवस.
एवढंच लिहिलं होतं.
बाबा म्हणाले, ते आले तेव्हा आम्ही इथं होतो,
तुम्ही गेला होतात.
हे वहीत लिहिलं नाही.

विहीर दोन मेंढ्यांच्या किमतीत गेली.
आईनं दाराची खीळ काढून गाठोड्यात घातली.
बोटीत माणसं इतकी
की बसायला पाळ्या लावल्या.
वाटेत बाबांना समुद्रात सोडलं.
वजनाला काय बांधलं, मी विचारलं नाही.
माझं गाठोडं हलकं झालं होतं.

इथं, दोब्रुजात, कुणाचं मूल दचकून उठलं
की आईला बोलावतात.
ती पळीत शिसं वितळवते,
मुलाच्या डोक्यावर चादर धरून
गार पाण्यात ओतते.
चर्र आवाज होतो, दृष्ट निघते,
बाया वाकून आकार बघतात:
घोडा दिसतोय, नाही, किल्लीच ती.
आई म्हणते, शिसं आहे.

फळीवर अजून दोनेक शेर असेल.
या वसंतात नवा व्यापारी गावोगाव हिंडतोय,
न मागता चांगला भाव देतो.
असान म्हणतो, विकून टाक.
आई काही बोलत नाही.
काल तिनं त्या जुन्या खिळीला तेल लावलं,
दाराला बसते का पाहिलं.
बसली नाही. तासावी लागेल.