ओळख पटेपर्यंत

पहाटेचे साडेचार. मायनॉट, नॉर्थ डकोटा.
बाहेर उणे एकतीस.
दार उघडलं की आधी वाफ आत येते,
माणूस नंतर.

त्या वाफेमागून क्वामबाई आल्या.
पाचवीत आमच्याकडून शब्द घोटून घेणाऱ्या.
ताठ पाठ, चष्म्याला तोच काळा गोफ.
मी हात पुढे केला. लायसन्स?
त्यांनी पर्समधून एकेक काढून ठेवलं:
वाचनालयाचं कार्ड,
चर्चच्या जेवणाचं पत्रक,
नवऱ्याच्या अंत्यविधीचा चार घड्यांचा कागद.

"लायसन्स मीच परत केलं, ऑक्टोबरात.
रेल्वे फाटकाशी थांबले होते,
गाडी गेली, फाटक उघडलं,
आणि कुठं निघाले होते तेच आठवेना.
तशीच कचेरीत गेले, देऊन आले.
बदल्यात दुसरं कार्ड मिळतं म्हणे.
ते मागायचं राहिलं."

मागे रांगेत सात जण. सातही जण त्यांना ओळखतात.
तिघं तर त्यांच्याच हाताखालून गेलेले.
आणि मी?
माझ्या ओळखण्याला फॉर्मवर रकाना नाही.

त्यांनी नाव लिहिलं, आर्डिस मरी क्वाम,
कागदावर रेघ नव्हती तरी रेघेवर.
खाली मी तारीख टाकली.
"फेब्रुवारीतला पहिला आर खाल्लास, वेंडल. अजून?"

मग फोन. दूरच्या कुठल्या शहरातली बाई,
तिच्या पडद्यावर क्वामबाईंचं आयुष्य,
तुकड्यातुकड्यानं.
ती विचारते, मी पुढे सरकवतो.
अठ्ठ्याहत्तर साली यांपैकी कुठल्या रस्त्यावर राहत होता?
"जिथं मोरीच्या खिडकीतून रूळ दिसायचे."
रूळ पर्यायांत नव्हते.
तुमच्या नावावर कुठली गाडी होती?
"हिरवी. हीटर चालायचा नाही.
हे माझ्या मांडीवर स्वतःचा कोट टाकायचे."
कोटही नव्हता.

मग त्या माझ्याकडे वळल्या, घाईघाईनं,
उत्तर सापडल्यासारख्या:
"तू धान्याच्या कोठारामागं राहायचास.
पत्र्याचा ट्रेलर, एकोणीस नंबर.
आईला रात्रपाळी. डब्यात नुसता पाव आणायचास
आणि सांगायचास, मला पावच आवडतो."

फोनवरची बाई थांबली. हे कुणाबद्दल?
म्हटलं, माझ्याबद्दल.
खरं आहे?
खरं आहे.
ते नाही चालणार, ती म्हणाली. वाईटपणे नाही.

यांपैकी कोणाबरोबर एका पत्त्यावर राहिलात?
चार नावं. मी वाचली.
तिसऱ्या नावावर माझा आवाज जरासा संथ झाला,
नोंद व्हावी इतका नाही.
"इंगवाल्ड," त्या म्हणाल्या,
आणि इतकी वर्षं 'हे, हे' म्हणून झाल्यावर
नाव तोंडातून गेलं म्हणून लाजल्या.

पुढचे दोन प्रश्न सोपे निघाले.
शॉनानं हातमोजे चढवून त्यांना चाचपलं,
खांदे, काखा, स्वेटरची शिवण.
त्यांनी हात पसरले होते,
मैदानात आम्हाला कवायत दाखवायच्या तसेच.

बॅगेत बरणी. चोकचेरीची जेली, बहिणीसाठी, टूसॉनला.
मापाच्या दुप्पट.
मी बरणी धरून उभा.
"माझ्याकडे काय बघतोस? टाक."
टाकली. फुटली नाही.
पिंपात कुणाचा तरी मफलर होता.

आमच्याकडे दोनच गेट आहेत.
त्या दोहोंच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या,
बॅग हातात, तिकीट हातात,
एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे.
मला टेबल सोडता येत नाही.

रांगेतला पुढचा, लार्स ओडेगार्ड,
ट्रॅक्टरचे पार्ट विकतो, माझा मेहुणा.
त्यानं लायसन्स पुढे केलं.
मी फोटो बघितला, तोंड बघितलं, परत फोटो.
"आवर की," तो हळूच म्हणाला,
"त्यांना गेटपर्यंत पोचवायचंय."