अट

सुकूरच्या चढावर दिल्लीच्या एका साहेबांचं घर आहे.
तिथलं गॅरेजचं शटर गाडी ओळखतं,
पोटातल्या पोटात गुरगुरतं आणि वर जातं.

मीच जोडलं ते. मार्चमध्ये, तीन दिवस, शिडीवर.
शटरपासून हॉलपर्यंत तार नाही, नुसता निरोप:
दार उघडलं की एसी सुरू.
साहेब बूट काढेपर्यंत चोवीस अंश.
धनी यायच्या आधी तांब्या भरून ठेवावा,
तसं काहीसं मी त्या घराला शिकवलं.

रिमोटवर एक छोटा सूर्यही असतो, गरम हवेचा.
गोव्यात ते बटण दाबलेलं मी अजून पाहिलं नाही.
तरी प्रत्येक मशीनबरोबर येतोच तो,
आहेरात आलेल्या स्वेटरसारखा.

जूनमध्ये फोन. दिल्लीहून.
"बिल चौपट आलंय. मी तर आलोच नाही.
घर रोज कुणासाठी थंड होतंय?"

गेलो. सेन्सरवरची बुरशी पुसली.
कंट्रोल बॉक्समध्ये एक पाल निघाली, उबेला निजलेली.
तिचा दोष नव्हता.
मग नोंदी उघडल्या:
सकाळी नऊ दहा, उघडलं.
नऊ बारा, मिटलं.
साडेदहापर्यंत चोवीस अंश.
रोज. रविवार सोडून.

नऊ दहाला सुकांती आली, स्कूटरवरून, झाडलोटीला.
मागच्या दाराचं कुलूप गंजलंय,
म्हणून साहेबांनीच दिलेला आकडा ती शटरला टाकते.
शटर वर गेलं. आत कुठंतरी टिंग झालं
आणि आख्खं घर तिच्यासाठी जागं झालं.

"हांवें कितेंच दामूंक ना," ती म्हणाली.
मग फडकं पिळता पिळता,
"म्हाका दिसलें, सायबानच तशें दवरलां."

माझ्या बाबांनी बावीस वर्षं खाणीवर ट्रक हाकला.
काच उतरवली तर लाल धूळ, चढवली तर भट्टी.
मधे चार बोटांची फट ठेवायचे.
ट्रक अजून आमच्या अंगणात आहे, निळ्या ताडपत्रीखाली.
त्याला गॅरेज कधी नव्हतंच.
तो आला की घरात एकच गोष्ट सुरू व्हायची,
आई विहिरीवर बादली सोडायची.
पाणी लाल होऊन केळीच्या बुंध्याशी जायचं.

दुरुस्ती दोन मिनिटांची.
अटीत एक 'आणि' घालायचा:
दार उघडलं आणि साहेबांचा फोन जवळ असला,
तरच.
टाइप केलं.
आता घराला माणसांतला फरक कळणार होता.
आजवर कळत नव्हता, एवढाच तर बिघाड होता.

सुकांती जिना पुसत होती, खालून वर.
दर तिसऱ्या पायरीला कोपराने कपाळ.

मी खाली आणखी एक ओळ घातली.
फोन नसला तर अठ्ठावीस अंश, पंधरा मिनिटं,
मग आपोआप बंद.
नियमाला नाव द्यावं लागतं, रिकामा रकाना चालत नाही.
लिहिलं: बुरशी प्रतिबंध.
विचारलंच तर सांगेन,
पावसाळ्यात चामड्याच्या सोफ्याला लागतं ते.
खोटंही नाही.

पाचशे घेतले. पावती दिली.

डिचोलीला पोचेस्तोवर अंधारलं.
ताडपत्रीच्या खळग्यात पाणी साचलं होतं,
काठीने ढोसून सांडलं.
आवाज ऐकून बाबा आतून म्हणाले, "कोण आयलो?"
"हांव," म्हटलं.

त्यांनी उठून
पंखा दोनवरून चारवर केला.