गुंड्रंगा

पावणेतीनची दुपार. पंखा
ऊन नुसतं इकडचं तिकडं करत होता.
पोशव्वा इराबत्ती दुकानात आल्या,
पदराच्या गाठीतून चिठ्ठी सोडवली:
श्री मार्कंडेय महिला विडी कामगार बचत गट, सोलापूर.
"बँकवाला शिक्का मागायलालाय.
गुंड्रंगा पाहिजे. गोल.
चौकोनी तर रेशनवाल्याचाबी असतो."

सरळ ओळीचं काही नसतं.
वर दोरी बांधलेली असते,
रंगाऱ्याच्या अंगणात सुताच्या लडी लोंबाव्यात
तशी अक्षरं तिला लोंबत असतात.
बोटं चालतात, मी बाहेर रिक्षा बघत असतो.

वर्डआर्ट. इफेक्ट. ट्रान्सफॉर्म.
पहिल्याच रांगेतलं वर्तुळ.
क्लिक केलं
आणि दोरी तुटली.

जो तो आपापली रेघ डोक्यावर घेऊन सुटा.
विडीतली पहिली वेलांटी मागंच राहिली,
ठिपक्यांच्या एका रिकाम्या गोलाला धरून.
मार्कंडेयाचा रफार कुठल्या कुठं.
आणि तळाशी गेलेलं सोलापूर
डोकं खाली, पाय वर.

"अय्यो," पोशव्वा म्हणाल्या,
"आमचं गाव का पडलं?"

त्यांच्या घरी तेलुगू, माझ्या घरी कन्नड,
दोघांच्या मधे मराठी,
आणि आज तिलाच वाकवायचं होतं.

फॉन्ट बदलला. गोल मोठा केला,
तर शिक्का ताटाएवढा.
लहान केला, तर अक्षरं
सिटी बसमध्ये चढल्यासारखी.
लाइट गेली. आली. सेव्ह नव्हतं केलं.

"घाई करायलालास, मल्लू. पान कोरडं हाय."
म्हणजे?
"रातभर पाण्यात, सकाळी ओल्या गोणपाटात,
तवा कुठं कात्री लागतीय पानाला.
कोरडं वळवलं की चर्र."
आणि स्टुलावर बसून राहिल्या, हात मांडीवर,
अंगठा तर्जनीवरून आपोआप फिरतोय,
पान नसलेली विडी वळतोय.

मग एकेक अक्षर वेगळ्या चौकटीत घेतलं.
मा दोनशे साठ अंशांवर,
र्कं दोनशे सत्तर, डे दोनशे ऐंशी,
हळूहळू माथ्यावर, मग उजवीकडं उतार.
सोलापूरसाठी वेगळी कमान, उलटी,
म्हणजे गाव सरळ उभं राहतं.
शेवटी एक ट उरला. जागा नाही.

"महिला काढू का?" मी विचारलं,
"कामगारमध्ये येतंच की ते."

त्यांनी माझ्याकडं नाही, पडद्याकडं पाहिलं.
"श्री काढ.
देवाला ठाव हाय तो देव हाय.
आमी बाया हाव
हे लिवावं लागतंय."

श्री काढला. ट बसला.

तरी वरच्या बाजूला फटी होत्याच.
वाकवलं की अक्षरांचे पाय चिकटतात
आणि माथे लांब लांब होतात,
याला कुठलं बटण नाही.
मी दीड पॉइंटची एक कमान काढली
आणि सगळ्यांच्या डोक्यावरून ओढली
मा पासून ट पर्यंत,
मधल्या मोकळ्या जागा तेवढ्या खोडून.
एकोणीस वर्षं टायपिंग करतोय,
वाकलेली शिरोरेघ पहिल्यांदा पाहिली.
तुटली नव्हती.

प्रिंट काढून दिली.
पोशव्वांनी कागद हातावर घेतला
आणि वाचू लागल्या, कागद फिरवत,
परातीतली भाकरी थापताना फिरते तसा:
मार्कंडेय... महिला... विडी...
सोलापूरपाशी आल्यावर
हात थांबला, कागद पुन्हा सुलटा.

"ही चांदणी कशाला?"
सुरुवात कुठं, शेवट कुठं, कळायला.
"बरं," म्हणाल्या, आणि सत्तरचे साठ केले.

चिठ्ठी काउंटरवरच राहिली.
मागं कट्ट्यांचा हिशोब होता पेन्सिलीनं,
चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी,
चार उभ्या, पाचवी तिरकी,
आणि शेवटच्या ओळीत
नुसत्या तीन.