भाग चौथा

ग्रिम्सबीच्या लायब्ररीत पोरं विचारतात,
'मिस, असंच अजून काही आहे?'
या 'असंच'मध्ये काय काय असतं
ते बारा वर्षं काउंटरमागे बसून थोडंथोडं कळू लागलंय.
कुणाला ड्रॅगन हवे असतात, कुणाला नुसते पंख.
एकाला खून हवा होता, पण रक्त नको.
एकीला अशी शाळा, जिथे आई फक्त पत्रातून येते.
मी उठते, शेल्फपर्यंत सोबत जाते.
नुसत्या बोटानं दाखवलेलं पुस्तक कुणाला लागत नाही.

लेव्ही ब्लँचर्ड मात्र थेट आकडाच विचारत आला:
'सगळ्यात जास्त भाग कशाचे आहेत?'
दहा वर्षांचा. अंगात शाळेचा स्वेटर,
इथल्या कुठल्याच शाळेचा नाही.
सोबतची बाई दारात, फोनवर,
त्याच्या आडनावाचं स्पेलिंग दुसऱ्याच कुणाला विचारत.
मी काही विचारलं नाही.
'भरतीचे रखवालदार' काढून दिलं. नऊ भाग.
एक दीपगृह, चार पोरकी मुलं, मस्टर्ड नावाचा कुत्रा.
भाषा म्हणाल तर बेताची,
प्रत्येक प्रकरण दारावरच्या थापेनं संपतं.
मॉरीन म्हणते, नुसती पावावर साखर.
असू दे.
मिरजेत मीही साखरेवरच वाढले:
गुरुवारचं साप्ताहिक, त्यातली रहस्यकथा,
तळाशी कंसात 'क्रमशः'.
वडिलांची बदली झाली त्या आठवड्यात
नायिका विहिरीत दोराला लोंबकळत होती.
नव्या गावी ते साप्ताहिक येत नसे.
ती अजून तिथेच आहे.
हात भरून आले असतील तिचे.

तीन भाग त्यानं नऊ दिवसांत संपवले.
चौथा कुणीतरी नेलेला, परत आणलाच नव्हता.
'पाचवा देऊ?' म्हटलं, तर असं पाहिलं
की जिन्याची एक पायरी काढून
मी त्याला वर चढ म्हणत होते.
क्लीथॉर्प्सहून मागवला. मंगळवारच्या व्हॅननं आला.
चिठ्ठीवर त्याचं नाव छापलं, पुस्तकात खोचली.
लेव्ही सोमवारीच लिंकनला गेला होता.
नवं घर, नवं कार्ड,
त्यांचा संगणक आमच्याशी बोलत नाही.
पत्ता मी विचारू शकत नाही,
विचारला तरी कुणी सांगू शकत नाही.

नियम असा: राखीव पुस्तक सात दिवस.
आठव्या दिवशी मी तारीख पुढे ढकलली.
मग दर बुधवारी.
फेब्रुवारी, मार्च. खिडकीबाहेर गोदीवरचे पक्षी
कालचंच भांडण पुढे चालवत.

मेमध्ये उग्ने आली. लिथुएनियाची,
इंग्रजीत शिरून तिला दोनच हिवाळे झालेले.
तिसरा भाग छातीशी धरून: 'चौथा?'
मागच्या कपाटात तो मला दिसत होता.
मी खोटं बोलणार होते. तोंड उघडलंही होतं.
पण वाचणारं माणूस समोर उभं,
आणि न आलेल्यासाठी पुस्तक झाकून ठेवायचं,
हे काही जमेना.
'दोन दिवसांत आणशील?'
'उद्या,' ती म्हणाली.

खरंच उद्या आणलं. डोळे तांबारलेले.
'हा लेव्ही कोण?'
'रांगेत तुझ्या पुढे होता.'
'मग अजून का नाही आला?'
मी पाचवा भाग तिच्या हातात ठेवला.
हे उत्तर नव्हतं. तिलाही ते कळलं.

ती गेल्यावर पाहिलं,
चिठ्ठी आता एकशे ब्याण्णवाव्या पानात होती.
त्याच्या नावाखाली पेन्सिलीनं, मोडक्या स्पेलिंगात:
कुत्रा मरत नाही. पुढे वाच.

मॉरीननं विचारलं, लावून टाकू का हे जागेवर?
म्हटलं, राहू दे.
बुधवारी बघू.