एका शब्दाची जागा

कमलिनी रिसबूड. पेपरात नुसतं क. रि.
म्हणून वाचकांची पत्रं यायची 'श्रीयुत' अशी,
एकाने तर खूश होऊन उपरणं धाडलं,
बाईंनी त्याचे उशीचे अभ्रे शिवले.

मी तेव्हा बुधवार पेठेत खिळे जुळवायचो.
मैफल आटोपून रात्री दीडला बाईंची लूना यायची,
शालीला थंडीचा वास,
मजकूर कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला.
षड्ज फार लिहायच्या.
आमच्याकडे ष मोजके. डिसेंबरात पुरायचेच नाहीत,
मग निधनवार्तेतला एखादा पुरुषोत्तम
मी सकाळपर्यंत पोटफोड्या श वर भागवायचो.

पुढच्या रांगेतली खुर्ची त्यांनी कधी घेतली नाही.
सतरंजी संपते तिथे, चपलांशेजारी बसायच्या.
म्हणायच्या, गाणं चपलांपर्यंत पोचलं
तर पोचलं म्हणायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चात उकिडवे गायला.
सदाशिवातल्या शाळेचा हॉल, साठ माणसं, मारवा.
बाईंनी शेवटी लिहिलं:
तयारी आहे, गाणं नाही अजून.
खाली टायरची जाहिरात आधीच बसलेली.
'अजून' पुढच्या ओळीवर जात होता, एकटाच,
आणि पुढची ओळ नव्हतीच.
मी तो काढला.
खिळे परत घरात टाकले. टक्, टक्, टक्.
पूर्णविराम मात्र ठेवला.

सकाळी बाई आल्या, बोट ठेवून उभ्या राहिल्या.
संपादक म्हणाले, दुरुस्ती आपण छापतो
तारखेची, स्थळाची, फार तर आडनावाची.
शब्द कोणी काढला, हे बाईंनी विचारलं नाही.
माझ्या हातांकडे पाहिलं फक्त,
शिशाने काळे झालेले,
आणि म्हणाल्या, सही माझी आहे ना खाली.

उकिडवेने तंबोरे विकले.
अप्पा बळवंत चौकाच्या आत, बोळात,
प्रयोगवह्या, डिंक, रिफिली.
बाई दर महिन्याला तिथे जायच्या.
एकच रिफिल, निळी.
दोन घेतल्या असत्या तर पुढच्या महिन्याला काय?
एकतीस वर्षं.
मारव्याबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत,
सुट्या पैशांबद्दल बोलायचे.

मधे शिसं गेलं, ऑफसेट आलं,
बाईंचा दीड कॉलम अर्ध्यावर आला.
एका नव्या पोराने फोनवर विचारलं,
मॅडम, पाचपैकी किती तारे?
बाई म्हणाल्या, कुणाला, गाणाऱ्याला की यमनला?
त्या आठवड्यापासून त्यांनी लिहिणं सोडलं.
मग कान. आधी तार सप्तक गेलं.
खर्ज उरला होता,
फ्रिजला पाठ लावून बसायच्या दुपारी,
म्हणायच्या, हा काळी एकमधे आहे बघ.

परीक्षणांचं पुस्तक करायचं ठरलं.
प्रुफं माझ्याकडे, मीही रिटायर झालो होतो.
पान दोनशे बारा.
'गाणं नाही' आणि पूर्णविराम, यांच्या मधे
पेन्सिलीने काढलेलं काकपद.
वर काहीच लिहिलेलं नाही.
बाकी सगळ्या पानांवर त्यांचं अक्षर होतं,
इथे फक्त खूण.
मी तीन दिवस ते पान बाजूला ठेवलं.
चौथ्या दिवशी लिहिलं, माझ्या अक्षरात.

पुस्तक आलं तेव्हा बाई नव्हत्या.
एक प्रत घेऊन मी बोळात गेलो.
उकिडवेने चष्मा बदलला,
ते पान वाचलं, मग जाहिरातीशिवायची
उरलेली कोरी जागा वाचली.
एका शब्दाला जागा नव्हती हो?
नव्हती, मी म्हटलं. टायर होते.
त्याने मान हलवली, गिऱ्हाईक आलं,
डिंकाची बाटली दिली, पैसे घेतले.
मग ड्रॉवर उघडून मला दाखवला.
निळ्या रिफिली, रबरबँड लावलेल्या.
म्हणाला, ही कंपनी आता कोणी घेत नाही.
मी मागवतो अजून.