माया

कामठीत, गोरा बाजारात माझं दुकान.
वहीतलं पहिलं माप : कॅप्टन घाटोळे.
छाती अडतीस, कंबर तीस, खांदा साडेसतरा.
टेप लावला की श्वास रोखून धरायचे.
सोडा की साहेब, म्हणायचो,
कापड काय शत्रू आहे?
हसत नसत.

मग मेजर, मग कर्नल.
बदली फिरून फिरून कामठीला आणायची
अन् मी खांद्यावरचं वजन बदलून द्यायचो.
कंबर बत्तीस. कंबर चौतीस.
कॉलरवर लाल पट्टी चढली त्या दिवशी
दुकानातले दोन्ही पोट्टे
मशीन थांबवून उभे राहिले.

मधे तीन वर्षं अंकाऱ्याला होते, वकिलातीत.
तिथल्या एका सेनापतीची गोष्ट सांगत, आरशाकडे बघून :
वर्दी उतरवली, पक्ष काढला, मंत्री झाला,
अन् म्हातारपणी कोर्टात उभा राहिला तेव्हा
पहाऱ्यावरच्या पोराला म्हणे
वरचं बटण लावायला सांगत होता.
"मूर्ख माणूस," साहेब म्हणाले.
हात मात्र तसाच वर धरून राहिले,
मी सोडा म्हणेपर्यंत.

निवृत्तीनंतर चार महिन्यांत
पांढरे झब्बे, सहा नग.
"खिसा मोठा ठेवा, मास्तर."
उभ्या नोकरीत खिशाचं कधी बोलले नव्हते.
कंबर अडतीस.
जाकीट एका रंगाचं,
निकालानंतर तेराव्या दिवशी दुसऱ्या रंगाचं.
विचारलं नाही.
दोरा तेवढा जुळता शोधला.

मग ते डिसेंबरातलं अधिवेशन.
मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवलेला मोर्चा,
माजी सैनिकांचा.
हवालदार शेंद्रे पहिल्या रांगेत,
तीस वर्षांपूर्वी मी शिवलेल्या कोटात.
मंत्र्यांची गाडी दिसली तसा
त्यांनी हात कपाळाशी नेला
आणि तिथंच ठेवला.
काच खाली आली नाही.

रात्री दुकानात आले,
काखेत शिवण उसवलेली.
"साहेब आत नसतीन, मास्तर."
मी सुईत दोरा ओवत राहिलो,
एरवी एका झटक्यात जातो तो.

यंदा साहेब ऑटोनं आले. एकटेच.
लागोपाठ दोनदा पडलेल्या माणसाला
कोण गाडी देतं?
बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना मेस ड्रेस.
पलटणीचा सोहळा आहे, बोलावलंय.
बटण अन् काज यांच्यात चार बोटांचं अंतर.
"होईल काही?"

कोट उलटा केला, अस्तर उसवलं.
आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया,
ऊन न लागलेली,
पहिल्या दिवसाच्या रंगाची.
"ही कधी सोडली होती?"
"सोडतोच साहेब. सगळ्यांच्या कोटात."

बोट फिरवत राहिले तिच्यावरून बराच वेळ.
मग हळूच :
"शेंद्रे येतात का इकडे?"

मी टेप त्यांच्या कंबरेला लावला.
श्वास सोडा, म्हटलं.
त्यांनी रोखूनच धरला.